सगुणीचा चंद्र

मंडळी, आज चौथीच्या वर्गात मी सांगितलं, की दुसऱ्या ग्रहांच्या नव्या सापडलेल्या काही चंद्रांना गोष्टींतल्या पात्रांची नावं देतात. मग विचारलं, "तुम्ही कोणतं द्याल?"

पोरांनी राजे, राक्षस सुचवले. सारिका म्हणाली, "सगुणी. ती उसाच्या गाडीमागं चालत घरी येती."

"कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात न्हाई, सर. आई फोनवर सांगती."

तिचे आईवडील दसऱ्यापासून ऊसतोडीला गेलेत. तरी माझ्यातला मास्तर बोललाच, "पुस्तकातलंच लागतं."



मधल्या सुट्टीनंतर तिनं वही पुढं केली. पानभर सगुणीची गोष्ट. "आता हाय की लिहिलेली."

शेवटच्या ओळीत सगुणी घरी पोचली होती. मी लाल पेन खिशात ठेवलं.

तुमच्या आईच्या गोष्टीतलं कोण अजून कुठंच लिहिलेलं नाही?