बसल्या दिवसाचा रोज

सास्तूरचा श्रीशैल काय काम करतो असं कुणी विचारलं, की त्याची बायको महेश्वरी सोपं करून सांगायची, "पवनचक्कीची पाती दुरुस्त करतात." कशी करतात, ते ती सांगत नसे. पवनचक्कीच्या डोक्यावर चढायचं, तिथून दोरानं खाली उतरायचं, पात्याशेजारी अधांतरी लोंबकळत चीर घासायची आणि तिच्यावर लेप चढवायचा. बरीच वर्षं श्रीशैलनं हे एका कंपनीत पगारावर केलं. मग नोकरी सोडून तो स्वतंत्र झाला. आपल्या कामाचा भाव आता आपण ठरवू, असं त्याला वाटलं होतं.

पण भाव ठरवायला कंपनी समोर येतच नाही. ती एजन्सीकडं माणसं मागते, एजन्सी श्रीशैलला फोन करते, आणि कंपनीनं किती देऊ केलंय ते शेवटपर्यंत कळू देत नाही.

दिवाळीनंतर वारा कमी होतो, पात्यांची कामं तेव्हाच निघतात. त्या वर्षी पहिला फोन आला पुण्याच्या एजन्सीतल्या मंजुषाचा.

"सर, मराठवाड्यात प्रोजेक्ट आहे. रेट काय एक्स्पेक्ट करताय?"

"मराठवाड्यात कुठं?"

"ते आत्ता नाही सांगता येणार. तुम्ही रेट बोला."

"चार हजार रोज. आन् वारा जास्त झाला की काम बंद ऱ्हातंय, त्या दिवसाचा अर्धा रोज."

"बसल्या दिवसाचे पैसे कुणीच देत नाही, सर. आणि क्लायंटचं बजेट तीन हजारांचं आहे."

"क्लायंट तुम्हाला किती देतोय?"

"ते कॉन्फिडेन्शियल असतं."

"मग माझं का नसतंय? सगळ्याच्या आधी मलाच इचारताय."

"विचार करून कळवा, सर," म्हणून तिनं फोन ठेवला.

वडील हणमंतप्पा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "वारा सुटला की कंपनीची चक्की पळतीय आन् तू बसतूस," ते म्हणाले. "मग तुझ्या बसल्याचा रोज त्यांनी का देऊ न्हाय?"

"तेच तर म्हणलो की अप्पा."

"बिडू," अप्पा कानडीत म्हणाले. "सोड ते काम, दुसरं बघ."

दुसरं आलंही. सोलापूरच्या एजन्सीचा कुमार बोलायला मोकळा होता. त्यानं ठिकाण सांगून टाकलं. भूम तालुक्यातल्या डोंगरावरच्या चक्क्या, रोज साडेतीन हजार. बसल्या दिवसाचं मात्र तोही नाहीच म्हणाला. श्रीशैलनं फार ताणलं नाही. आजवर त्याची कामं कच्छात नाहीतर तमिळनाडूत निघायची. भूम म्हणजे मोटारसायकलवर काही तासांचा रस्ता, आणि महेश्वरी पोटुशी होती. तो हो म्हणाला.

आठवड्यानं कुमारचा फोन आला तो वेगळ्याच आवाजात. "अवो, तुमचं नाव कंपनीत आधीच गेलंय की! पुण्याहून. दोन एजन्स्यांकडून एकच माणूस आला म्हणून कंपनीनं तुमचं नावच बाजूला टाकलं."

"पण मी पुण्याला हो म्हणलोच नव्हतो!"

"ते तुम्ही त्यांना इचारा."

त्यानं मंजुषाला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "सर, प्रोफाइल टाकून ठेवावीच लागते, नाहीतर दुसरे टाकतात. तुम्ही मला न विचारता दुसरीकडं हो म्हणायला नको होतं."

चूक तिची आणि बोलणी त्यालाच. श्रीशैल रागानं घराबाहेर पडला आणि लोहाऱ्याच्या रस्त्यानं नुसताच चालत राहिला. इतकी वर्षं दुसऱ्या मुलखात कामं केली, आणि आपल्याच जिल्ह्यातलं काम हातचं गेलं होतं, तेही त्यानं काहीही न करता.

पौषात मंजुषाचा पुन्हा फोन आला. भूमला गेलेल्या माणसांतला एकजण काम सोडून पळाला होता. "अजून इंटरेस्टेड आहात का, सर?" या वेळी घाई तिला होती, हे श्रीशैलच्या लक्षात आलं.

"तीन हजारात येतो. पण बसल्या दिवसाचा अर्धा रोज मेलवर लिहून द्या."

बराच वेळ इकडंतिकडं झाल्यावर मेल आला. साइटवरच्या सुपरवायझरनं काम बंद जाहीर केलं, तरच अर्धा रोज मिळेल, असं त्यात होतं. श्रीशैलला त्यात वावगं दिसलं नाही.

त्यातली मेख कळली ती डोंगरावर गेल्यावर. त्याच्या जोडीला येडशीचा सिदू होता, धनगराचा पोरगा, कमी बोलणारा. पहिल्याच आठवड्यात वारा सुटला. दोघं पट्टे आवळून, हेल्मेट घालून चक्कीखाली उभे. सुपरवायझर मोबाइलमध्ये बघत म्हणायचा, "बघू अजून तासभर." असा तासभर करत सूर्य कलला. सुपरवायझरनं काम बंद काही जाहीर केलं नाही. म्हणजे तो दिवस कामाचाही नाही आणि बसल्याचाही नाही. असे आणखी दिवस गेले. श्रीशैलनं फोन लावला.

"सर, मेलमध्ये स्पष्ट लिहिलंय," मंजुषा म्हणाली.

पुढं एका सकाळी पुन्हा तसाच वारा सुटला. श्रीशैलनं वारा मोजायच्या यंत्रावरचा आकडा बघितला, पट्टे सोडले आणि जीपमध्ये जाऊन बसला. सिदूनं क्षणभर त्याच्याकडं बघितलं आणि तोही पट्टे काढून शेजारी येऊन बसला.

सुपरवायझर धावत आला. "बेल्ट कुणी काढायला सांगितले?"

"आकडा मर्यादेच्या वर हाय. काम बंद लिहा, न्हायतर चालू लिहा. चालू लिहिलं तर आत्ता चढतो. पण अशा वाऱ्यात चढवलं म्हणून खाली तुमची सही लागंल."

सुपरवायझरनं पुण्याला फोन केला. लगेच श्रीशैलचा फोन वाजला. "सर, प्लीज. क्लायंटशी वाद नको. मलाही वर उत्तर द्यावं लागतं," मंजुषा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच थकलेला वाटला.

"मॅडम, तुम्हाला कोण बोलतंय ते मला ठावं न्हाय. पण लिहून दिलंय ते तरी पाळा."

तिनं फोन ठेवला. थोड्या वेळानं सुपरवायझरनं काम बंद लिहिलं. त्यानंतर तो सकाळीच लिहू लागला. आधीच्या दिवसांचं मात्र काहीच मिळालं नाही. श्रीशैलनं मेलवर मेल केले, एकाचंही उत्तर आलं नाही.

माघात असंच काम बंद असताना घरून फोन आला, महेश्वरीला दवाखान्यात नेलंय. सिदूनं आपली मोटारसायकल काढली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. तो पोचला तेव्हा मुलगी झाली होती. हणमंतप्पा दवाखान्याच्या पायरीवर हसत बसले होते.

भूमचं काम संपलं. पुढच्या कामाला मंजुषानं त्याला विचारलं नाही. कुमारनं खरं काय ते सांगितलं. "कंपनीनं तुमच्या नावापुढं शेरा मारलाय, माणूस वाद घालतो म्हणून. मला तुमचं नाव पुढं करता येईना झालंय."

शेवटी काम मिळालं ते कच्छातलं, तेही भूमपेक्षा कमी रोजावर. बसल्या दिवसाचा विषय काढताच तिथला एजंट हसला होता.

"मग नोकरीच बघा की परत," मुलीला मांडीवर घेत महेश्वरी म्हणाली.

"नोकरीत तरी काय व्हतं? तिथं भाव इचारतच नव्हते."

"आन् आता इचारून तरी काय देतेत?"

त्यानं दोर तपासून पिशवीत भरायला घेतला. तेवढ्यात कच्छच्या एजंटचा फोन आला, जायचं रेल्वेचं भाडं तुमचं तुम्ही भरायचं म्हणून. श्रीशैल दोर तसाच टाकून अंगणात गेला. त्याचा वाढत चाललेला आवाज घरात ऐकू येत राहिला.