टेकायला जागा

जयवंती तोरसकर फुलपाड्यात राहायला येऊन वीसेक वर्षं झाली होती. पण भर सकाळी आपली गल्ली कशी दिसते, हे निवृत्त होईपर्यंत तिला ठाऊकच नव्हतं. फोर्टातल्या ऑफिसासाठी उजाडायच्या आत निघायचं, दिवेलागणीनंतर परतायचं. तिच्या लेखी गल्ली म्हणजे रिक्षापासून जिन्यापर्यंतचं अंतर.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी ती पिशवी घेऊन भाजीला निघाली. पहिल्या मजल्यावर द्वारकाकाकू दार उघडं टाकून बसल्या होत्या.

"काकू, येताय का बाजारापर्यंत? तेवढेच पाय मोकळे होतील."

"मी?" काकू हसल्या. "अगं, मला खाली उतरून चार वर्षं झाली."

जयवंतीला वाटलं, थट्टा करतायत. "गुडघे फार दुखतात का?"

"गुडघे चालतात अजून. पण अर्ध्या वाटेत दम लागतो आणि टेकायला कुठे जागा नाही. आधी औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसायचे. तिथे त्यांनी खिळे ठोकले."

"खिळे?"

"जाऊन बघ."

जयवंती गेली, आणि बघतच राहिली. पायरीच्या काठाने लोखंडी खिळ्यांची रांग, टोकं वर. कुणी बसू नये म्हणून मुद्दाम बसवलेली. पुढे फुटपाथवर बाइक, विजेची पेटी, दुकानांच्या पाट्या. फाटकापासून बाजारापर्यंत म्हातारं माणूस घडीभर टेकेल असा एक दगडसुद्धा नव्हता. थोबाडीत बसावी तशी ती रस्त्यातच उभी राहिली. शेजारची बाई चार वर्षं घरात कोंडलेली, आणि आपण रोज तिच्या दारावरून येत-जात होतो!

दुसऱ्या दिवशी तिने बाल्कनीतली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि अर्ध्या वाटेवर, बदामाच्या झाडाखाली नेऊन ठेवली. मग काकूंना हाताला धरून खाली आणलं. फाटकाबाहेर येताच काकूंनी तिचं मनगट घट्ट धरलं. "इथे शेत होतं ना गं?" समोर सात मजली इमारत उभी होती. खुर्चीपर्यंत पोचल्यावर त्या पाच मिनिटं नुसत्या बघत बसल्या. मग उठल्या आणि स्वतःच्या हाताने निवडून मेथीची जुडी घेतली.

आठवडाभर हे चाललं. मग एका सकाळी काकूच पुढे निघाल्या, जयवंती कुलूप लावून मागून येत होती. बदामाखाली खुर्ची नव्हती. तिच्या जागी एक बाइक उभी होती. काकूंना धाप लागलेली. टेकायला जागा नाही, फुटपाथ बाइकने अडलेला, म्हणून त्या सरकत सरकत रस्त्यावर आल्या आणि समोरून टेम्पो आला. ब्रेक करकचून लागले. टेम्पो काकूंच्या काठीला चिकटून थांबला.

बदामाशेजारच्या इमारतीतल्या धवल नावाच्या तरुणाने धावत येऊन काकूंना दंडाला धरून बाजूला घेतलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आंटी, खुर्ची मीच गटारात टाकली," तो पुटपुटला. "माझी बाइक इथे लागते. मला वाटलं, कुणीतरी जागा अडवलीय."

"जागाच अडवली होती, बाळा," काकू धापा टाकत म्हणाल्या. "माझ्यासाठी."

धवलने बाइक काढली, खुर्ची गटारातून ओढली आणि औषधवाल्याकडून पाणी मागून धुतली. औषधवाला गल्ल्यावरून सगळं पाहत होता. त्याने पायरीकडे नजर टाकली, पण खिळे काही काढले नाहीत. ते आजही आहेत.

काकू ओल्या खुर्चीवरच बसल्या. धाप ओसरल्यावर त्यांनी मान वर केली.

"जयवंती, ती कोण गं, तिसऱ्या मजल्यावरची?"

जयवंतीने वर पाहिलं. ग्रिलला धरून एक पांढऱ्या केसांची बाई त्यांच्याकडेच बघत होती. वरच्या खिडकीत एक आजोबा. पलीकडच्या इमारतीत आणखी दोघं. नाव तिला एकाचंही माहीत नव्हतं.

हेही काकूंसारखेच किती वर्षं खाली उतरले नसतील? "धवल," ती म्हणाली, "तुमच्याकडे जास्तीची खुर्ची आहे का रे?"