भिंतीपलीकडची बॉर्डर

आमचा धाकटा गवंडी आहे. गवंडी म्हणजे कसा, तर त्याच्या भिंतीला ओळंबा लावायचा तो ओळंबा बरोबर आहे का हे बघायला. भाऊ म्हणून सांगत नाही, गल्लीत कुणालाही विचारा. शाळा त्याला फारशी मानवली नाही, पण धंद्यातले इंग्रजी शब्द तोंडपाठ. बाउंड्री त्यातलाच. बाउंड्री म्हणजे हद्द, तिच्या आत बांधायचं, विषय संपला.

घरामागची भिंत ही त्याने आयुष्यात स्वतःच्या हाताने उभी केलेली पहिली भिंत. तिच्या अलीकडे त्याची शेड, शेडचं छप्पर तिच्यावरच टेकलेलं, आणि आत फळ्या, घमेली, मिक्सर, सगळा धंदा. भिंत गेली तर छप्पर गेलं आणि छपराबरोबर पोटही. म्हणून पलीकडच्या रिटायर्ड नर्सबाई भिंतीलगत खणताना दिसल्या, तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली.

शिडीवरून डोकावून त्याने विचारलं, काय चाललंय.

"बॉर्डर करतेय," बाई म्हणाल्या.

धाकट्याने बॉर्डर ऐकलेली फक्त बातम्यांत, तीही बंदुकांसकट. त्याचं तोंड बघून बाईंनी खुरपं खाली ठेवलं आणि समजावलं. बाउंड्री ही नुसती रेघ, तिला रुंदी नसते. बॉर्डर म्हणजे रेघेच्या आतल्या कडेचा पट्टा, त्याला रुंदी असते, म्हणून त्यात फुलझाडं लावता येतात.

झालं. एवढं गोड समजवायचं कारण काय? रेघेला रुंदी नाही, पण भिंतीला आहे, म्हणजे डोळा भिंतीवर दिसतोय. धाकटा त्या दिवसापासून कामावर उशिरा जायला लागला. शेडच्या फटीतून बघायचा, बाई माती कुठे टाकतात, खड्डा किती खोल नेतात. हद्दीच्या दगडापासून दगडापर्यंत त्याने दोरीही ताणली. भिंत चांगली वीतभर आत. गडी खूश.

"आता शिडीवर खाटच टाका," त्याची बायको म्हणाली. "खाली उतरायचं तरी कशाला?"

मग एका संध्याकाळी बाईंनीच हाक मारली. खणताना खडक लागलाय, म्हणाल्या, उद्या माणूस बोलावून पहारीने उपटून काढते, जरा बघता का.

धाकटा गेला आणि खड्ड्यात वाकला. कसला खडक? त्याचाच पाया. पहिली भिंत, नवी हौस, हत्ती उभा राहील असा रुंद पाया भरला होता पठ्ठ्याने. वर भिंत हद्दीच्या आत, खाली पायाने हद्दीपलीकडे पाय पसरलेले. जमिनीखाली दोरी कोण ताणतो?

खडकच आहे म्हणावं, तर उद्या पहार लागणार आणि भिंत शेडसकट आडवी. खरं सांगावं, तर बाई हद्दीत घुसलात म्हणून तोच पाया काढायला लावणार. तो चपलेने माती उकरत राहिला. बाईंची नजर त्याच्या चपलेवर.

"खडक नाही तो," शेवटी तो म्हणाला. "माझ्या भिंतीचा पाया आहे. तुमच्यात आलाय."

"वाटलंच मला. खडक एवढा सरळ कुठे असतो?" बाई म्हणाल्या. "म्हटलं, बघू तरी तुम्ही काय म्हणताय."

म्हणजे इकडून पाळत, तशी तिकडूनही चाचणी. धाकट्याने वितीने पाया मोजला. त्याने सांगितलं, बाहेर आलेला भाग मी स्वतः कापतो, पण सलग नाही. थोडा कापायचा, तिथली कापलेली कड सिमेंटने नीट बंद करून वाळू द्यायची, मगच पुढचा तुकडा, म्हणजे भिंत हलणार नाही. पहारवाल्याला मात्र बोलवायचं नाही. बाईंनी विचार केला आणि हो म्हटलं. मात्र तो कापत असताना आपण इथेच बसणार, म्हणाल्या, माती कुठे जाते ते बघायला.

आणि बसल्या की खुर्ची टाकून, रोज. भिंतीला केसाएवढी चीर गेली नाही. अशा जुन्या भिंतीचा पाया कुणी असा कापून दाखवावा. आता पट्ट्यात फुलं डोलतात. बाई सकाळी पाणी घालतात आणि भिंतीवर तळहात टेकवून बघतात, पडत तर नाही ना. आणि धाकटा शेडच्या फटीतून बघतो, ढकलत तर नाहीत ना.