पडद्यावरचा डाग

जामसांवलीची वाट अर्धी सरली होती आणि कवडू अजून सिनेमाच्या मशीनबद्दलच बोलत होता. सौंसरच्या फिरत्या तंबू-टॉकीजमध्ये तो ऑपरेटर. सोबत त्याची थोरली वहिनी प्रेमलता, मुलींच्या शाळेतली बाई. तिथल्या मारुतीला शनिवारचं तेल घालायला दोघं पायी निघाले होते.

चित्राच्या ऐन मधोमध त्याला करडा डाग दिसायचा. नटीचं तोंडच गायब व्हायचं. कवडूनं आधी मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या बदलल्या, कारण त्या वाकड्या जळल्या की उजेड मार खातो. मग दिव्यामागचा आरसा पुसला, भिंग काढून मलमलीनं साफ केलं. डाग जागचा हलला नाही. तंबूचे मालक नत्थूजी म्हणत, चित्र तर लख्ख आहे. त्यांची नजर म्हातारी झाली, असं कवडू म्हणे. पण प्रेमलताही एकदा मुद्दाम जाऊन पाहून आली होती. चित्र स्वच्छ होतं.

त्याच्या डोळ्यांना पाणी यायचं, म्हणून तिनंच त्याला नागपूरच्या डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टर म्हणाले, पडद्यावर डाग आहे. कवडू खुशीत परतला आणि तंबूतला अख्खा पडदा उतरवून चिंधू परटाकडून कन्हान नदीच्या पाण्यात धुऊन आणला. कवडूचा पडदा न्हायला, म्हणून बाजारात लोक अजून हसत होते.

"धुतला तरी तसाच आहे, वहिनी. कापडातच खोट असंन."

प्रेमलता डोळ्याची आकृती दरवर्षी फळ्यावर काढायची. आज सांगायचंच, असं ठरवून ती निघाली होती. तिनं मनात मारुतीचं नाव घेतलं.

"भाऊजी, पडदा डोळ्याच्या आतही असते. डॉक्टर त्याचंच बोलले. तुम्ही काळी काच न लावता त्या कांड्यांच्या जाळात पाहून राहिले होते ना?"

"लावतो ना." मग हळूच म्हणाला, "कधी कधी. काच लावली का जाळ बराबर दिसत नाही."

तो पुढं चालू लागला. एका गाडीवानानं रामराम घातला, त्याचंही त्याला भान नव्हतं. नागपूर नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं, सौंसर जुन्या राज्यातच राहिलं, आणि नत्थूजी तंबू नागपूरकडं हलवणार होते. कवडूला न्यायचं की तिकडचा माणूस ठेवायचा, ते उद्या ठरणार होतं. त्याआधी, डाग खरंच पडद्यावर आहे की कवडूच्या डोळ्यात, हे प्रेमलताला विचारायला नत्थूजी घरी येणार होते. बाई खोटं बोलत नाहीत, यावर त्यांचा भरवसा होता.

देवळाचा कळस दिसला तसा कवडू थांबला.

"वहिनी, उद्या ते इचारतीन. तुमालेबी डाग दिसते म्हणून सांगजा."