अक्षता आणि ऑब्वियसली

लेकीच्या लग्नाला मी अख्ख्या वाड्याला आमंत्रण दिलं आणि भिंतीला भिंत लागून असलेलं घर तेवढं वगळलं. विसरले नव्हते हो! अक्कल चालवली होती. चाळिशीतली अक्कल, ती काय दिवे लावते, तुम्हीही पाहिलं असेल.

त्या घरात भाऊ राहायचे. डिचोलीकडच्या खाणीच्या ऑफिसातून निवृत्त होऊन पेडण्याला परतले, ते एक इंग्रजी शब्द घेऊनच. "पोदेर येऊन गेलो?" विचारलं, तर पाववाल्याकडून घेतलेले गरम पाव उंच धरून म्हणायचे, "ऑब्वियसली." छत्री नाकारून ऐटीत बाजारात जायचे आणि निथळत परतायचे. "भिजलात, भाऊ?" "ऑब्वियसली!"

"मराठी सरली काय?" वहिनी आतून ओरडायच्या. त्यांना तो शब्द मुळीच खपत नसे.

एकदा मी अर्थ विचारला. भाऊ म्हणाले, "जां सांगूक लागणा नाय, तां."

तेच मी डोक्यात धरलं. आमच्याकडे घरी जाऊन देवापुढे अक्षता ठेवल्या, तरच आमंत्रण. पण लेकीला सायकल शिकवली भाऊंनी. त्यांना कसल्या अक्षता? सांगूक लागणा नाय!

लग्नादिवशी मांडव आमच्या अंगणात, आणि भाऊ आपल्या सोप्यावर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायांत मोजेसुद्धा. पण जागचे हलेनात. इकडे लेक हटून बसली, "भाऊ येईपर्यंत मी उभी राहणार नाही." भटजी घड्याळ दाखवायला लागले. मी शालू सावरत धावले.

"भाऊ, चला! मुहूर्त टळता!"

"अक्षता खंय?"

"तुमका येगळां आमंत्रण व्हया?"

"ऑब्वियसली!"

तशीच मागे पळाले, भटजींच्या ताटातल्या मूठभर अक्षता उचलल्या आणि भाऊंच्या देवापुढे ठेवल्या. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी उंबरा ओलांडते तोवर भाऊ मांडवात पोचून वरबापाला विचारत होते, "उशीर कित्याक?"

भाऊ गेल्या वर्षी गेले. परवा नातवाच्या लग्नाच्या अक्षता घेऊन निघाले, ती आधी शेजारी. देवापुढे चिमूटभर ठेवल्या. मग भिंतीवरच्या फोटोखालीही चिमूटभर. पुन्हा धोका नको.

"वयनी, भाऊंका पण सांगलंय हां."

वहिनींनी पदराने फोटोची काच पुसली. म्हणाल्या, "येतले. ऑब्वियसली."