दादाचं शेवटचं कोडं

दादा गेला, मग दादाचे मित्र आता माझे कोण लागतात? आईला विचारलं, ती रडायला लागली. मामाला विचारलं, तो म्हणाला, "च्या घे." पण किस्से मात्र त्यांचेच साचलेत डोक्यात. एक काढायला गेलं की चार बाहेर येतात. दादाला जाऊन पंधरा दिवस होतील. दहाव्यापर्यंत त्याचे ते तिघे मित्र एकमेकांशी बोलत नव्हते. त्यांचं तुटलं तर दादाचं काहीच उरणार नाही, ही माझी धास्ती.

शिवाजी पेठेत दादाचं मोटरसायकलचं गॅरेज. दुपारी चारला चहा आला की तिघे हजर. सीटकव्हर शिवणारे सलीमभाई, किराणावाले अण्णा आणि दूधवाला बंड्या. मी नववीत शाळा सोडली, आता टेम्पो चालवतो. भाडं नसलं की मीही तिथंच. दादा विचारायचा, "ओळखा कोण?" उत्तर म्हणजे कुणीतरी फेमस माणूस. फोनवर शोधायचं नाही, सगळे फोन ऑइलच्या रिकाम्या डब्यात! भांडून दमले की दादा निकाल देणार.

*

एकदा कोडं होतं, "सगळा देश ओळखतो, पण चेहरा कुणी बघितला न्हाई."

बंड्या म्हणाला, "मीटर रीडिंगवाला!"

अण्णा शांतपणे म्हणाले, "फोन बंद लागला की बोलणारी बाई."

"ती कसली सेलिब्रिटी, अण्णा?"

"दिवसातनं धा येळा बोलती माझ्यासंगं. घरात कोण बोलतंय एवढं?"

दादानं लगेच निकाल दिला, "अण्णांचं बरोबर!"

*

एकदा दादानं एका हिरोच्या फोटोतले नुसते डोळे कापून आणले. सलीमभाईंनी खिशातली टेप काढून दोन डोळ्यांतलं अंतर मोजलं. "साऊथचा हाय."

"टेपवर कळतंय व्हय?"

"सीट मापून गाडी सांगतो मी. माणूस काय अवघड हाय?"

उत्तर साफ चुकलं. सलीमभाई म्हणाले, "मग फोटो धुतल्यावर आटला असंल!"

*

कबनूरचे एक पावणं बंद पडलेली गाडी ढकलत आले. बसा म्हटलं, तर तेही वादात शिरले. दोन तास तावातावानं भांडले आणि रिक्षा करून घरी गेले. दुसऱ्या दिवशी परत आले.

दादा म्हणाला, "पावणं, गाडीला अजून हात लावला न्हाई."

"गाडी ऱ्हाऊ द्या हो! हिरोईन कोण त्ये सांगा!"

*

एकदा दादानं लंगोटातल्या एका पोराचा जुना फोटो भिंतीला लावला. बंड्या इरेला पेटला. "हा मुंबईचा हिरोच! कपाळ बघा की! असलं कपाळ आपल्यात असतंय व्हय?" पैजेवर मिशी लावली.

तेवढ्यात त्याची आई भाजीची पिशवी घेऊन रस्त्यानं चालली होती. थांबली, फोटो बघितला आणि ओरडली, "अगं बाई! आमच्या बंड्याचा फोटो हितं कुणी आणला?"

मिशी दादानंच काढली. बंड्या आरशात बघून म्हणाला, "पण कपाळ हिरोचंच हाय."

*

मग दादाला ॲडमिट केलं. तिघे खाटेभोवती तोंडं पाडून उभे. दादा माझ्या कानात म्हणाला, "ह्यांची तोंडं बघवंनात रे." मग मास्क बाजूला सारून त्यांना म्हणाला, "प्रत्येक पिक्चरमध्ये मरतो, तरी अजून जित्ता हाय. ओळखा कोण?"

झालं! बंड्या एक नाव घेतोय, सलीमभाई दुसरं, अण्णा तिसरंच. एवढा आवाज चढला की सिस्टर धावत आली. "खाली जाऊन भांडा!" दादा मास्कखाली हसत होता. ते खाली चहाच्या गाड्यावर भांडत होते, तेव्हाच तो गेला. उत्तर त्यानं मलाही सांगितलं नव्हतं.

दहाव्याला तिघे तीन कोपऱ्यांत बसले होते. "आपण खाली भांडत बसलो आणि वर हा गेला," एवढंच प्रत्येकाच्या डोक्यात. आधी बंड्यानं मला बाजूला घेतलं, मग सलीमभाईंनी, शेवटी अण्णांनी. प्रत्येकानं त्या दिवशी आपण घेतलेलं हिरोचं नाव हळूच सांगितलं आणि विचारलं, "माझं बरोबर हुतं का रं?"

मी तिघांनाही एकेकटं गाठून सांगितलं, "तुमचंच बरोबर. दादानं जाताना सांगितलं. पण त्या दोघांना बोलू नका, वाईट वाटंल त्यांना!"