चमचाभर कॉपर ऑक्साइड

आमच्या समीक्षाने घरच्या घरी केलेलं कॉपर ऑक्साइड जेमतेम चमचाभर भरलं. त्याचे किस्से मात्र कुठल्याच डब्यात मावणार नाहीत!

पोरगी नववीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिला पहिल्यांदाच टेबल मिळालं होतं. तांबं तापवलं की काळं पडतं, ते काळं म्हणजे कॉपर ऑक्साइड, एवढं मला तिनेच शिकवलं.

*

तार आणायला आम्ही नांदुऱ्यात सलीमभाईंच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात गेलो. कशाला हवी ते ऐकून त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "भाभी, लोक माह्याकडे जळालेली तार बदलाले येतात. तुमी नवी तार जाळाले नेऊन राह्यल्या!"

घरी तार तापवल्यावर कळलं, जळालं ते तारेवरचं वार्निश. पुन्हा गेलो. या वेळी त्यांनी बिनवार्निशची तार दिली आणि काहीच विचारलं नाही.

*

तार गॅसवर लाल करायची, पाण्यात बुडवायची, तळाशी पडलेले काळे पापुद्रे गोळा करायचे. आठवडाभर हेच. शेजारच्या कांताबाईंनी बरणी पाहून विचारलं, गुडघ्याला चालते का? समीक्षा म्हणाली, विष आहे.

"पोटात कोन घेते? वरून लावाले पाह्यजे होतं."

त्या दिवशी समीक्षाने बरणीवर लाल पेनाने कवटी काढली.

*

सगळ्यात महत्त्वाची होती ताटली. भंगारातून आणलेली तांब्याची ताटली तिने तापवून निम्मी काळी केली होती, निम्मी तशीच ठेवली होती. टेबलावर मधोमध तीच ठेव, असं सरांनी सांगितलं होतं. तिने ती तांदळाच्या डब्यामागे लपवली, कारण काळं तांबं दिसलं की माझ्या सासूबाईंचा हात आपोआप चिंचेकडे जातो.

प्रदर्शनाच्या सकाळी डब्यामागे ताटली नव्हती. देवघरात होती. चिंच-मिठाने लख्ख घासलेली, आणि तिच्यात आंघोळ झालेला बाळकृष्ण, फूल वाहिलेला.

समीक्षा चौकटीला टेकून रडत राहिली. मी सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं. निघायला अर्धा तास उरला होता.

सासूबाईंनी बाळकृष्ण उचलून स्टीलच्या वाटीत ठेवला. मागोमाग फूलही ठेवलं. ताटली पदराने कोरडी केली, सांडशीत धरली आणि गॅस पेटवला.

"रडू नको वं," त्या म्हणाल्या. "कुठलोक काळी करू, तेवढं सांग."